मांजरडोळ्या

पोस्टरवरचं नाव कुणाला वाचता येईना,
म्हणून सेलूच्या तंबू टॉकीजनं
त्याचं बारसं केलं: मांजरडोळ्या.
मुलूख कुठला, कोण जाणे.
दर सिनेमात कोट नवा, गालावरचा चट्टा तोच,
अन् अकराव्या रिळात मरण.
कधी कड्यावरून, कधी गोळीनं,
एकदा तर नुसत्या दम्यानं.
बाया कडाकडा बोटं मोडायच्या.

त्या साली मंठ्यात शेवटचं रीळ जळालं.
आमच्याकडं तो दारातच थांबला,
सिगारेट पेटवली,
मग कापडावर नुसता उजेड.
गफूर ऑपरेटर म्हणाला,
जाऊ द्या, लई वेळा मेलाय बिचारा.

पैसे कुणीच परत मागितले नाहीत.
घरी निघालो तर अंधारात
कुणाच्या तरी विडीचं टोक
फाट्यापर्यंत
आमच्या पुढं पुढं चालत होतं.