हरकती व सूचना

नगरपरिषदेच्या फळ्यावर नोटीस मीच लावली.
टाचण्या तीनच निघाल्या,
चौथा कोपरा दिवसभर फडफडायचा:
मौजे राखोळे हे यापुढे श्रीपूर असे वाचावे,
हरकती तीस दिवसांच्या आत.

एकोणतीस दिवस कुणी आलं नाही.
म्हणजे आले, नळपट्टीला, दाखल्यांना,
आणि एकजण चुकून, दवाखाना समजून.

रिकाम्या दुपारी मी जुनं दफ्तर सोडलं.
लाल फडक्यात एक पान, कडा वाळवीनं खाल्लेल्या:
कसबा मुबारकपूर, बुऱ्हाणपूरच्या वाटेवर,
विणकरांची चाळीस घरं.
पुढच्या पानावर पेंढारी,
आणि एका ओळीत, गाव बेचिराख.
मी तो शब्द बराच वेळ बघत राहिले.
दिवा विझल्याचा शब्द,
पण आपल्या कानाला त्यात राखच ऐकू येते.

परतलेल्यांना तापीच्या उतारावर कुणी विचारलं,
कुठले रे?
राखेतले, म्हणाले.
त्याचंच राखोळे झालं असावं.
साहेबाच्या नकाशात ते राकोली,
स्टेशनच्या पाटीवर राखुली, आजही.
रेल्वे चूक दुरुस्त करत नाही,
दर दोन वर्षांनी तिला पिवळा रंग देते.

आणि या सगळ्याच्या आधी
सातपुड्यातून उतरणाऱ्यांनी
त्या उताराला काहीतरी म्हटलं असेलच.
मोजणीदारानं रकाना भरलाय:
नाव नाही.

तिसाव्या दिवशी, कुलूप हातात असताना,
काठी टेकत एक म्हातारा.
लिहिता येत नाही, म्हणाला, तुम्हीच लिहा.
"मन्हं नाव उखर्डू शे.
मन्हा आधी तीन भाऊ गयात,
चांगला चांगला नावना.
मायनी माले उकिरडावर ठेवं, मंग उचलं.
मी वाचनू.
गावले चांगलं नाव देऊ नका,
नजर लागस."

फॉर्मात ओळी दोनच होत्या.
मी पाठीमागे लिहिलं, त्याच्याच बोलीत,
शुद्ध करायला हात धजला नाही.
हरकत क्रमांक एक.
अंगठा उमटला तो जरा पुसटच.

जाताना दारातून वळला,
"तुम्हनं नाव काय, ताई?"

लग्नात ताटातल्या तांदळावर
अंगठीनं लिहिलेलं एक नाव आहे माझं,
बावीस वर्षं पगार त्याच नावानं होतो.
मी सांगितलं ते दुसरंच,
आईनं हाक मारायचं.
का, ते मलाही कळलं नाही.

पोचपावतीवर सही मात्र
तांदळातलीच केली.