मिठाचा कोरा नमुना

सारंगखेडा बॅरेजच्या सातव्या दारात अडकलेला तो
आमच्याकडे धुळ्याला पोचला तेव्हा
तीन बरण्या होता, आणि एक दाढ.
पहिलीत जठर, दुसरीत यकृताचा तुकडा,
तिसरीत नुसतं मीठपाणी.

तिसरी कशाला, असं मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.
बोरसे सर म्हणाले, आधी मिठाची चौकशी.
विष माणसात होतं की मिठात, ते कळायला नको?

मीठ निर्दोष निघालं.
मिठाला जागणं हा शब्दप्रयोग
मी आता एवढ्यापुरताच वापरते.

ठशांचं तोवर होऊन गेलेलं.
पाच दिवस पाण्यात राहिलं की बोटाची कातडी
मोज्यासारखी सुटून येते.
ठसेवाल्या गिरासेनं ती स्वतःच्या बोटावर चढवली
आणि त्याच्या वतीनं शाईत टेकवली.
कुठल्याच दप्तराशी जुळली नाही.
म्हणजे जन्मात एकदाही पकडला गेला नव्हता,
हे मात्र शास्त्रानं सिद्ध झालं.
गिरासे त्या दिवशी चमच्यानं जेवला.

माझ्या टेबलावर काच, काचेवर सिलिकाचा पांढरा लेप,
तळाशी पेन्सिलीची रेघ, रेघेवर तीन ठिपके:
त्याचा, गोळीचा, मिठाचा.
वातीत तेल चढावं तसं द्रावण वर चढतं,
घाई चालत नाही.
मग जांभळ्या दिव्याखाली
त्याचा ठिपका आणि गोळीचा ठिपका
प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरांसारखे एका उंचीवर.
मिठाच्या वाटेवर काही नाही.
मोठ्या यंत्रानंही मान डोलावली: तीनशे आठ.
मी लिहिलं, अल्प्राझोलम.
हायवेच्या टपरीवर हिलाच कुत्ता गोळी म्हणतात.

आणखीही होतं जठरात.
ज्वारी, उडदाची काळी टरफलं, वांग्याच्या बिया.
अहवालात याला म्हणायचं: अर्धवट पचलेले अन्न.
मी कळण्याच्या भाकरीवर वाढलेली,
मला सूक्ष्मदर्शक लागला नाही.

वडाळीहून सुपडाबाई आली ती रक्त द्यायला.
जन्मल्यावर सुपात घालून ओढलेली म्हणून सुपडा.
दोन पोरं गेल्यावर पदर पसरून मागितलेला म्हणून तिचा भिकन.
आमच्याकडे नावातच अशी खूण घालून ठेवतात,
दाढेपर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून असेल.

बोट टोचलं. कार्डावर चार लाल टिकल्या पडल्या, वाळत ठेवल्या.
एकवीस दिवसांनी यंत्र आकड्यांची पट्टी काढणार होतं:
पंधरा जागा, प्रत्येक जागी दोन आकडे,
दोनातला एक तिचा, पंधराही वेळा.
दुसरा कुणाचा, असा रकाना फॉर्मात नाही.
पण हे नंतरचं.

त्या दिवशी ती कापूस दाबून बसली होती.
म्हणाली, "मना आंडोर जेवेल व्हता का, बहीन?"

मी पाठ असलेलं सांगितलं:
अहवाल सीलबंद ठाण्याला जाईल,
आम्हाला बोलता येत नाही,
आणि मावशी, तो तुमचाच आहे हे अजून ठरलेलं नाही.

"मना नई ऱ्हायना तरी सांग.
जेवेल व्हता का?"

पंखा फिरत होता. कार्ड अजून ओलं होतं.
बोरसे सर आतल्या खोलीत फोनवर.
नऊ वर्षांत या इमारतीत
मी घरची बोली एकदाही काढली नव्हती.

"हाव, माय," म्हटलं. "जेवेल व्हता."

तिनं मान हलवली,
बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी.
मग कापूस उचलून पाहिला, रक्त थांबलं होतं.
हा कुठे टाकू, विचारलं तिनं.