लाभ

उम्म अल क्वैनच्या नेमबाजी क्लबात एसी असूनही
काउंटरची काच घामेजते.
मागं खाडी, तिवरं, ओहोटीला उघडा पडणारा चिखल.
पुढं मी, सोपान खुस्पे, फौजेतला जुना शस्त्र-मिस्त्री,
इथं नुसता खुस्बे, कारण अरबीत प नाही.

मौझा ससाण्यांची डॉक्टर आहे.
लायसन्स परवा हातात आलं, पिस्तूल आज.
अजून खोक्याचा वास आहे त्याला.
पहिला प्रश्न तिचाही तोच, सगळ्यांचा असतो तो :
कितनी आती हैं इसमें?

तिच्या भाषेत पिस्तुलाला मुसद्दस म्हणतात,
सहाचं काहीतरी. फिरत्या चक्रीच्या काळातलं नाव,
आखूड झालेल्या झबल्यासारखं अजून अंगात.
सहा नाही, म्हटलं, पंधरा.
मॅगझिनच्या पाठीवरची भोकं दाखवली,
पाच, दहा, पंधरा :
जिथवर पितळ दिसेल, तिथवर भरलं समजायचं.

ती भरू लागली. मी मोजू लागलो.
आणि तोंडातून निघून गेलं, लाभ.

आमच्या माणदेशात खळ्यावर बाजरी मापताना
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
लाभ म्हणतात. मग दोन. मग तीन.
सव्वीस वर्षं गोळ्या मोजल्या,
गोळीला कधी लाभ म्हटलं नव्हतं.
क्या बोला, खुस्बे?
कुछ नहीं. दो.

नवव्या गोळीला अंगठा दुखतो.
तेराव्याला स्प्रिंग भांडायला उठते.
पंधरावी बसेना तेव्हा म्हटलं, राहू दे.
कागदावर पंधरा आहेत, असू देत.
कागदावर माझ्या खोलीत चौघं राहतात,
झोपतो आम्ही सात.

आणि दुसरा प्रश्न,
जो कुणीच विचारत नाही :
मॅगझिन काढलं, की पिस्तूल रिकामं झालं का?

नाही.
एक वर असते. नळीच्या तोंडाशी, अंधारात,
कुठल्याच भोकातून न दिसणारी.
माप सपाट केल्यावरही उरणारी शीग.

बबिन्याला, पहारा बदलताना,
एकानं आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं.
क्रम उलटा झाला, एवढंच.
मॅगझिन हातात होतं, सगळ्यांनी पाहिलं.
मग त्यानं खात्रीसाठी घोडा दाबला.
समोर माठ होता.
माठामागं पाणी प्यायला वाकलेला झिपरू वळवी,
तुकडीतला सगळ्यात पोरगेला.
माठ फुटल्याचा आवाज मी आधी ऐकला,
असं मला वाटतं.
हात कुणाचा होता ते मी मौझाला सांगितलं नाही.
तुम्हालाही नाही.

आधी मॅगझिन, म्हटलं. मग स्लाइड.
मग डोळा.
मग करंगळी, कारण डोळा घाईत असतो.
तिनं चारदा करून दाखवलं.
पाचव्यांदा मी सांगितलं नव्हतं.

मग ती उभी राहिली, पाय रोवून,
चौदा.
पहिले चार कागदालाही लागले नाहीत.
सगळ्यात आधी घातलेली सगळ्यात शेवटी निघते,
तेव्हा स्लाइड मागं अडकली, उघडीच राहिली.
सरळ दिसत होतं आत काही नाही.
तरी तिनं मॅगझिन काढलं, करंगळी आत घातली,
आजारी पाखराच्या चोचीत घालावी तशी,
आणि माझ्याकडं पाहिलं.
मी मान हलवली.

ती गेली. मी टोपणं वेचली.
तेरा.
खुर्चीखाली पाहिलं, वाळूच्या पोत्यांमागं पाहिलं.
सगळी सापडल्याशिवाय कुलूप घालायचं नाही,
हा नियम क्लबाचा नाही, माझा.
बाहेर भरती चढायला लागलीय,
शफीकची गाडी दोनदा हॉर्न वाजवून थांबलीय,
आणि मी गुडघ्यांवर,
टॉर्च दातांत धरून.