दोघांचं कार्ड

घटस्फोटाचे कागद ऑक्टोबरमध्ये आले.
रेल्वेच्या कार्डाची मुदत मात्र मार्चअखेरपर्यंत.
दोघांनी मिळून प्रवास केला तर एक तृतीयांश सूट,
वर दोघांचे फोटो, शेजारी शेजारी:
माझे डोळे मिटलेले,
उपेंद्र नुकताच कुणाशी तरी हुज्जत घालून आल्यासारखा.

म्हणून दीड-दोन महिन्यांनी एखाद्या शुक्रवारी
तो लीड्सहून बसने यॉर्कला येतो
(बस स्वस्त, पाय आखडतात ते फुकट)
आणि स्टेशनातल्या मोठ्या घड्याळाखाली उभा राहतो.
साडेनऊच्या आत कार्ड चालत नाही,
त्यामुळे साडेनऊच्या आत आम्ही बोलतही नाही फारसं.

तिकिटं त्यानंच काढलेली.
यॉर्क ते न्यूकॅसल दोन, न्यूकॅसल ते एडिनबरा दोन,
सलग काढण्यापेक्षा अकरा पौंड चाळीस पेन्सनी कमी.
गाडी तीच, डबा तोच, खुर्च्याही त्याच,
अट एवढीच की गाडी तिथं थांबली पाहिजे.
कागदावर आम्ही न्यूकॅसलला उतरतो
आणि कागदावरच परत चढतो.
हे समजावताना तो इतका खुलतो,
मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.

त्याची एक निळी वही आहे. तिच्यात रकाने:
भाडं, मैल, मैलामागे पेन्स, गादी, खिडकी, संडास.
जुन्या गाडीची गादी बरी होती.
नव्या गाडीची खुर्ची म्हणजे उभा केलेला पोळपाट.
गेल्या खेपेला खिडकीची म्हणून मिळालेल्या जागेला
खिडकी नव्हतीच, करडी भिंत होती,
तर त्यानं लिहिलं: भिंत, स्वच्छ.

पहिल्या वर्गाला दोघांचे मिळून एकवीस पौंड जास्त.
त्यात दोन चहा आणि दोन बिस्किटं.
चहाचे सहा वजा कर, तो म्हणतो,
बिस्किट पडलं साडेसात पौंडांना.
मी डबा उघडते. तिखटमिठाच्या पुऱ्या.
तो पाच खातो, वहीला हात पुसतो.

इंजिनाकडे पाठ असलेली जागा त्याची.
उलटं बसलं की मला मळमळतं.
हे कधी ठरलं, आता आठवत नाही.

डरहॅमचा पूल आला की उजवीकडे टेकडीवर ते चर्च,
मला आधी दिसतं, त्याला नंतर, आणि जास्त वेळ.
आरामाचं म्हणशील तर, उपेंद्र,
सव्वीस वर्षं मऊ सोफ्यावर मी
कान टवकारून बसत होते, किल्लीचा आवाज येईपर्यंत,
आणि आल्यानंतर जास्तच.
या पोळपाटावर मला काल डुलकी लागली असती.
पण हे मी बोलले नाही. रकाना नव्हता.

ॲल्नमथच्या पुढे तपासनीस बाई आली, मॉरीन नावाची.
कार्ड हातात घेऊन तिनं फोटो पाहिले, मग आम्हाला,
मग परत फोटो.
"दोघं एकत्र?"
"हो," आम्ही एका दमात म्हटलं.
वकिलासमोरसुद्धा इतकं एकमत झालं नव्हतं.

बेरिकला समुद्र अगदी रुळांपाशी आला.
तो म्हणाला, नवं कार्ड पस्तीस पौंड,
तीन फेऱ्यांत वसूल.
मी म्हटलं, फोटो नवा लागेल.
जुना चालतो की.
माझे डोळे मिटलेत त्यात.
त्यानं कार्ड उजेडाकडे धरलं, चष्मा वर सरकवून पाहिलं.
"अरेच्चा," म्हणाला. एवढंच.

मृण्मयीचा मेसेज: निघू का स्टेशनवर? तुम्ही भांडलात का?
मी टाइप केलं, न्यूकॅसलला उतरलो होतो. मग ते खोडलं.

वेव्हर्लीच्या अलीकडे गाडी लाल सिग्नलला थांबली.
उपेंद्रनं घड्याळ पाहिलं. चार मिनिटं उशीर.
"पंधरा झाली तर चौथा हिस्सा परत मिळतो," तो कुजबुजला,
जणू मोठ्यानं बोललं तर ड्रायव्हर ऐकेल.
बाहेर ओला दगड, तारा, एक सीगल.
पाच मिनिटं. सहा.
मीही घड्याळाकडे पाहत होते.
डब्यात एक पुरी उरली होती.