नोंदणीकृत पत्ता

कोची म्हणते, चेन्नईला जा.
चेन्नई म्हणते, अर्ज आला त्या दिवशी
कंपनीचा पत्ता कोल्लमचाच होता.

तळ्यात. मळ्यात.

पंकजाक्षीच्या बोटांवर
काजूच्या टरफलाचा चीक लागून लागून
ठसेच उरलेले नाहीत.
वकीलपत्रावर अंगठा उमटला
तो नुसता शाईचा गोल.
"चालेल," ईपन वकील म्हणाले,
"आधी हद्द ठरू दे,
मग ग्रॅच्युइटीचं बघू."

रात्रीच्या गाडीनं ती चेन्नईला गेली
पत्ता शोधत.
तिसरा मजला, एक पाटी,
पाटीखाली कुलूप.
शेजारचा शिंपी हातवारे करत म्हणाला,
इथे कुणी येत नाही,
फक्त टपाल.

पायरीवर बसून तिनं डबा उघडला,
जेवली.

त्या दुपारी कंपनीच्या पत्त्यावर
एवढीच एक हजेरी.