छतातली खिडकी

नवतप्याचा तिसरा दिवस. मानकापूरच्या शेडचा पत्रा
तापून टकटक वाजतो.
पराते बाईंची पांढरी गाडी सोमवारपासून उभी,
आणि तिचं तुटलेलं काहीच नाही.
फक्त रिव्हर्स टाकला की ती मागचा वायपर शोधते,
जो तिला कधी नव्हताच.
पंचेचाळीस डिग्रीत काचेवर पाऊस शोधते.
चावी फिरवली की दर वेळी
छतातल्या खिडकीला हाक मारते.
छत सपाट. पत्र्याचं. मी हात फिरवून पाहिला, पोळला.

"काही बसलं का हो हिच्यात?"
"नाही ताई. डबा दुसऱ्याचा आहे."

जुना डबा वॉशिंगवाल्यानं बुडवला,
डॅशबोर्डखाली प्रेशर मारून, वर पन्नास रुपये टीप घेऊन.
नव्याची किंमत ऐकून बाई स्टुलावर बसल्या होत्या.
मग कामठी रोडच्या भंगारातून हा आणला:
तोच नंबर, तेच प्लग,
पोटात लिहिलेली गाडी मात्र वेगळी,
वरच्या मॉडेलची, हौशी माणसाची.

तौसीफ तीन दिवस वायरी तपासत होता.
"उस्ताद, करंट तर बरोबर आहे."
असणारच. वायर बिचारी जे आलं ते पोचवते.

माझा बाप तांडापेठेत मागावर बसायचा.
डॉबीच्या पट्टीत खुंटी असते किंवा नसते, बस.
काठातलं रुईफूल वाकडं निघालं
की शेजारचे सूत बदलायला सांगायचे.
तो सुताला हात लावत नसे.
डोळे मिटून बोटानं खुंट्या चाचपायचा,
आणि एके ठिकाणी बोट थांबायचं.
मी शाळेतून आलेला, भुकेला,
मला तेव्हा ते बोट फार हळू वाटायचं.

आधी जुनं सगळं उतरवून घेतलं, दोनदा.
बॅटरीला चार्जर लावला. लिहिताना व्होल्टेज पडलं
तर डबा कायमचा मुका.
बाईट सात, बिट तीन: छतातली खिडकी. एकाचं शून्य केलं.
बाईट नऊ: पाऊस. शून्य.
मागचा वायपर लिहायला घेतला आणि
लाईट गेली.
कूलर गेला, चार्जर गेला,
बारा पूर्णांक चार, बारा पूर्णांक तीन,
तौसीफनं दारं लावली, आतला दिवा विझवायला,
कोणी श्वाससुद्धा जोरात घेतला नाही, जणू त्यालाही करंट लागतो.
शंभर टक्के.
पराते बाई म्हणाल्या, "झालं का?"
मी घाम पुसून म्हटलं, "काऊन नाही होणार."

खाली शेवटच्या ओळीत एक आकडा होता.
गाडी बंद करून उतरल्यावर पुढचे दिवे किती वेळ जळत ठेवायचे.
कंपनी वीस लिहून देते. इथे साठ.
साठ आपोआप होत नाही, कोणीतरी मुद्दाम मागून घ्यावं लागतं.
कोणाचं घर गल्लीत खूप आत असेल.
किंवा म्हातारं कोणी जिना चढत असेल, एकेक पायरी.
ज्या गाडीतून हा डबा काढला, तिचं बोनेट
सीटपर्यंत आलं होतं. भंगारवाल्यानं
त्याहून जास्त सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
कर्सर त्या आकड्यावर उभा, लुकलुकत.
तौसीफ म्हणाला, "हे पण कंपनीचं करू?"
मी लॅपटॉप मिटला.

रात्री साडेनऊला फोन.
"भाऊ, उतरले, लॉक केलं, तरी दिवे सुरूच आहेत बाप्पा!"
"चालत राहा ताई."
चपलांचा आवाज. फाटकाची कडी.
एक कुत्रं भुंकून गप्प झालं.
"कुलूप दिसलं?"
"दिसलं. उघडलं... हां, आता विझले.
काही राहून गेलं वाटते तुमच्याकडून."

हाव, म्हटलं. राहून गेलं.