टिपणीस इत्यादी, १९९४

बढतीच्या अर्जातला रकाना क्रमांक नऊ:
एकूण शोधनिबंध, एकूण उद्धरणं, एच-इंडेक्स.
अठ्ठावन्नाव्या वर्षी बढती म्हणजे
पानं उचलल्यावर आलेलं जेवणाचं आमंत्रण.
पण विभागप्रमुख म्हणाले, भरा, ताम्हणे मॅडम,
गुण विभागाला मिळतात.

संगणक सांगतो, मी दोघी आहे.
टिपणीस, एस. : अकरा निबंध, इंडेक्स आठ.
ताम्हणे, एस. : तेवीस निबंध, इंडेक्स नऊ.
पहिली दोन हजार एक साली अचानक गप्प झाली.
दुसरी त्याच साली, मागचंपुढचं काही नसताना,
थेट जनुकांवर लिहू लागली.
खाली एक चौकट:
हे दोन लेखक एकच आहेत का? होय. नाही.

आठ आणि नऊ मिळून सतरा होत नाहीत.
बारा होतात. मी कागदावर मांडून पाहिलं.
संसाराचंही साधारण असंच निघालं होतं.

टिपणीसबाईंचा सगळ्यात वरचा निबंध चार पानांचा.
वडाच्या पानातून डीएनए काढायची रीत.
सहाशे अकरा उद्धरणं: मनाऊस, कोट्टायम, कुनमिंग,
जिथे जिथे झाडाला चीक आहे तिथे तिथे.
त्याआधी आठ महिने माझ्या नळीत
नुसता डिंक यायचा,
तपकिरी, काचेच्या काडीला लोंबणारा.
कपाडिया सर रसायनं बदलत राहिले.
काचसामान विसळता विसळता शनाभाई म्हणाला,
‘बपोरे तोडो, बेन. बपोरे झाड ऊंघे.’
पहाटे चीक भरून असतो, दुपारी ओसरतो,
त्याच्या बापाच्या बकऱ्यांनाही ठाऊक होतं.

निबंधात ते एका ओळीत आलं:
पानं दुपारी एक ते तीनच्या दरम्यान तोडली.
लेखक तिघं. मी, कपाडिया सर,
आणि सेंट्रिफ्यूजच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असायची
ते जोशीपुरा.
शनाभाईचं नाव मी आभारात घातलं होतं,
जागेअभावी संपादकांनी आभार कापले.
‘इत्यादी’ या शब्दातही तो नाही.
छापील प्रत दिली, तेव्हा त्याने ती
दुधाच्या पिशवीत घालून हँडलला अडकवली
आणि फतेहगंजच्या पुलावरून छाणीकडे गेला.

ताम्हणेबाईंचा लाडका निबंध मात्र तळाशी.
पारंबी मातीला टेकते त्या दिवशी
तिच्यात कुठलं जनुक जागं होतं?
एवढाच प्रश्न. सहा वर्षं.
कमाटीबागेतल्या वडाच्या पारंब्यांना
मी खुणेची लाल सुतळी बांधली.
माळ्याला वाटलं नवस आहे,
तो हळदकुंकू वाहू लागला.
मग विश्वामित्री चढली, निम्म्या खुणा गेल्या,
आणि चौथ्या पारंबीशी एक मगर
दोन दिवस पडून राहिली.
निबंधात लिहिलं, ‘अपरिहार्य कारणांमुळे
चौथ्या नमुन्याची मापं उपलब्ध नाहीत.’

तीन उद्धरणं. दोन माझीच.
तिसरा लिऑनचा कुणी, म्हणतो,
‘परंतु पाहा, ताम्हणे.’
त्या ‘परंतु’वर माझा जीव आहे.
त्याने वाचला होता, शेवटपर्यंत,
तळटीपेतली चूकसुद्धा त्यालाच सापडली.

चौकट अजून उघडीच आहे.
हेतलबेन दोनदा डोकावून गेल्या,
मॅडम, चारला पोर्टल बंद.
दारात दाहोदहून आलेला नवा विद्यार्थी,
हातात बर्फाचा डबा आणि कात्री.
‘निघू या का, पावणेदोन झाले.
उशीर झाला तर चीक चढेल.’
हे मी त्याला शिकवलेलं नाही.
कुठे वाचलंस? मी विचारलं.

‘टिपणीस म्हणून कुणीतरी आहेत, मॅडम.
जुनं आहे.’